लेकरांची मान आणि आमचा आरडाओरडा

या आठवड्यात येळवशीवर लिहायचं पक्कं ठरलं होतं. आंबील, भज्जी, उंडे, कडब्याच्या कोपीतली पांडवांची पूजा, सगळं डोक्यात मांडून झालं होतं. पण येळवशीच्या दिवशीच रानात जेवणं उरकल्यावर शेजारच्या शेतातल्या तीन बाया माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आंबिलीचं विचारतील. तर पहिलीच म्हणाली, "मास्तर, तुमच्या नातीच्या मानेचं काय केलात? आमच्या पोराची बी मान दुखायलीय. रात्री झोपंना." दुसरीचंही तेच. तिसरीचा पोरगा तर आठवीत, आणि रोज डोकं धरून बसतो म्हणे. मंठाळसारख्या गावात एका बांधावर तीन घरची लेकरं मानेनं बेजार! तेव्हा येळवस राहू द्या बाजूला. आज मानेचं बघू.

आमच्या नव्या वाचकांसाठी सांगतो, मी व्यायाम शिक्षक होतो. बत्तीस वर्षं पी. टी.चा तास घेतला. "छाती पुढे, खांदे मागे, मान ताठ!" हे माझं ब्रीदवाक्यच म्हणा ना. पोक काढून उभं राहणाऱ्या पोराच्या पाठीला छडीचं टोक लावायची मला सवय होती. आज चाळिशीत आलेली ती पोरं बाजारात भेटली की अजून नकळत ताठ होतात. याचा मला फार अभिमान होता. होता, असं मुद्दाम म्हणतो.

तर माझी नात. वय सोळा. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, सायन्सला. सकाळच्या बसनं बसवकल्याणला जाते आणि कॉलेज सुटल्यावर तिथंच संगणकाचा क्लास करून संध्याकाळी परत येते. पुण्याला नोकरीला असलेल्या तिच्या काकानं आपला जुना लॅपटॉप तिला पाठवला. तेव्हापासून पोरगी त्या यंत्रावर अशी जडली की विचारू नका. बाजेवर मांडी घालायची, भिंतीला टेकायचं, मांडीवर लॅपटॉप, आणि मान पार खाली. रात्री वाकळ अंगावर ओढून मोबाईलवर धडे ऐकायचे ते वेगळंच.

गौरी-गणपतीच्या सुमारास पहिल्यांदा म्हणाली, "आबा, मान भरून आल्यासारखी वाटायलीय." मी काय म्हणालो असेन, ते तुम्ही ओळखलं असेलच. "सरळ बस!" त्या दिवसापासून घरात जाता-येता माझा एकच पाढा. सरळ बस. मान वर कर. पुन्हा वाकलीस? तिची आई सुरू झाली, आजी सुरू झाली, शेवटी धाकटा नातूसुद्धा दारातून ओरडायला लागला.

त्यात मी आणखी एक शहाणपणा केला. न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज नावाच्या मणक्याच्या सर्जननं २०१४ साली एक हिशेब मांडला होता, तो मला छापलेला सापडला. आपलं डोकं सरळ असताना मानेवर पाचेक किलोचा भार असतो. मान १५ अंश पुढे वाकली की तो सुमारे १२ किलो होतो, ३० अंशाला १८, ४५ अंशाला २२ आणि ६० अंशाला २७ किलो. सत्तावीस किलो म्हणजे डीएपीच्या अर्ध्या पोत्याहून जास्त! मी तो कागद तिच्या बाजेसमोर भिंतीला चिकटवला. लेकराला समजावं हा हेतू. पण झालं काय, तर मान वाकली की आपला मणका मोडतोय असं तिच्या मनानं घेतलं. ती मान हलवायलाच भ्यायला लागली. कुणी मागून हाक मारली तर अख्खं अंग फिरवून बघायची.

दिवाळीपर्यंत दुखणं मानेवरून डोक्याच्या मागच्या बाजूला चढलं. मग घरोघर होतं ते सगळं आमच्याकडेही झालं. मुलानं औषधाच्या दुकानातून मानेचा पट्टा आणला. आमच्या सौ.नी मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक दिला (त्यानं तेवढ्यापुरतं खरंच बरं वाटलं). गल्लीतल्या एका म्हातारीनं पायाळू माणसाचा पाय लावून घ्या म्हणून सांगितलं. एक जण म्हणाला, सलूनमध्ये मान कडकन मोडून घेतली की मोकळी होते. हे शेवटचं मात्र मी तिथंच थांबवलं. दिल्लीतला २०१७ सालचा प्रकार माझ्या वाचनात होता. चोपन्न वर्षांच्या एका गृहस्थांनी न्हाव्याकडून अशी मान मोडून घेतली आणि श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नसांनाच इजा झाली. माणूस श्वासाच्या यंत्रावर गेला. आपल्याकडची तरुण पोरं दाढी झाली की हौसेनं "जरा मान पण काढ" म्हणतात. त्यांना हात जोडून सांगणं आहे, तो कटकन आवाज ऐकायला बरा वाटतो, पण त्या खेळात पडू नका.

मग एका रात्री जेवताना निर्णय झाला. क्लास बंद. मुलगा म्हणाला, संगणकानंच मान गेली, तो नकोच. सौ. म्हणाल्या, "पोरीची जात. मान अशी धरून बसली तर उद्या पाहुणे येतील ते काय म्हणतील?" नात काही बोलली नाही. ताट धुतलं, लॅपटॉप पिशवीत घातला, चार्जरची वायर नीट गुंडाळली आणि पिशवी माळ्यावर ठेवून आली. मी घरातला कर्ता माणूस, मीही काही बोललो नाही. आदळआपट केली असती तर बरं, असं वाटलं मला. त्या नीट गुंडाळलेल्या वायरीनं मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता तिला घेऊन बिदरची बस धरली. तिथं एक फिजिओथेरपी करणाऱ्या ताई आहेत. वयानं माझ्या मुलीसारख्या. त्यांनी आधी नातीला प्रश्नांवर प्रश्न विचारले. दुखणं हातात उतरतं का? बोटांना मुंग्या, बधिरपणा? हातातून वस्तू निसटते? चालताना तोल जातो? ताप आहे? वजन घटलंय? पडलीस, आपटलीस? दुखण्यानं रात्री जाग येते का? सगळ्याचं उत्तर नाही आल्यावरच त्यांनी हात लावला. हे प्रश्न मुद्दाम सगळे लिहिले. यातल्या एकालाही "हो" असेल तर खाली दिलेले व्यायाम करत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि तापासोबत मान ताठरली, उलट्या होत असल्या, तर त्याच घडीला दवाखाना गाठा. तिथं उद्यावर ढकलायचं काम नाही.

तपासून झाल्यावर ताई माझ्याकडे वळल्या. "आजोबा, तुम्ही हिला दिवसातून किती वेळा सरळ बस म्हणता?" मी म्हणालो, वीसेक वेळा. त्यांनी नातीला सांगितलं, आजोबांना हवी तशी ताठ बसून दाखव आणि हलू नकोस. पोरगी लष्करातल्या जवानासारखी बसली. पाच मिनिटं झाली नाहीत तोच म्हणाली, दुखायलंय. ताई हसून म्हणाल्या, "सरळ बसणं हेही एक बसणंच. एकाच जागी गोठून राहिलं की मान दुखते, वाकून राहा नाहीतर ताठून."

बत्तीस वर्षांची नोकरी त्या एका वाक्यात गेली की हो माझी!

मग त्यांनी सांगितलं, आणि पुढं मीही शोधून वाचलं. ऑस्ट्रेलियात पर्थकडे सतरा वर्षांच्या अकराशेवर मुलामुलींच्या बसण्याचे फोटो घेऊन मोजमाप केलं होतं. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. मान पुढे काढून बसणारी आणि ताठ बसणारी, यांच्या मानदुखीत फरक सापडला नाही. पुढे तीच मुलं बावीस वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिलं, तर ज्या मुली सतराव्या वर्षी पोक काढून बसत, त्यांच्यात सतत टिकणारी मानदुखी ताठ बसणाऱ्या मुलींपेक्षा कमीच निघाली. हा निष्कर्ष २०२१ चा. आणि मी भिंतीला चिकटवलेला तो किलोचा हिशेब? तो संगणकावर बनवलेल्या मानेच्या नमुन्यावरचा होता. प्रत्यक्ष लेकरांच्या माना मोजून काढलेला नव्हता. भार वाढतो हे खरं, पण भारानं मान मोडते असं त्यात कुठंच नव्हतं. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते कागद फाडायचं.

याचा अर्थ कसंही पडून राहा असा नव्हे. तासन्‌तास न हलता बसणं, कच्चे स्नायू, अपुरी झोप आणि मनावरचा ताण, हे सगळं मिळून मान धरते, असं ताईंचं म्हणणं. नातीची झोप विचारली तर पाच तास निघाली. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. क्लासमध्ये मागं पडण्याची भीती तिला रोज खात होती, हे मला तिथं बिदरला, परक्या बाईसमोर कळलं.

पट्टा त्यांनी काढायला लावला. काम नसलं की स्नायू आणखी ढिले पडतात, असं त्यांनी सांगितलं. आणि पुढचे व्यायाम शिकवले. मी व्यायाम शिक्षक असून यातला पहिला मला धड येत नव्हता, हे आधीच कबूल करतो.

पहिला हनुवटीचा. खुर्चीवर सैल बसायचं, नजर समोर. टेबलाचा खण आपण सरळ आत सरकवतो, तसं डोकं सरळ मागं न्यायचं. वर बघायचं नाही, खाली बघायचं नाही. गळ्याखाली दुसरी हनुवटी दिसायला लागली की बरोबर जमलं. तीन ते पाच सेकंद धरायचं, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. मानेच्या मागं हलकासा ताण जाणवतो. कळ हातात उतरली तर मात्र लगेच थांबायचं. लोक इथं चूक करतात ती अशी, की हनुवटी आत घ्यायच्या ऐवजी मान खाली घालतात. आरशासमोर केलं की चूक कळते.

दुसरा झोपून करायचा. उताणं पडायचं, डोक्याखाली पातळ घडी. डोकं न उचलता, कुणाला हळूच "हो" म्हणावं तेवढीच हनुवटी गळ्याकडे आणायची आणि दहा सेकंद ठेवायची. दहा वेळा. बघताना हा व्यायामच वाटत नाही. पण मानेच्या पुढच्या बाजूला, आत खोल, मणक्याला चिकटून जे बारीक स्नायू असतात ते यानं कामाला लागतात. नातीला पहिल्या दिवशी सहा वेळाच जमलं. मला चार!

तिसऱ्यात तळहात कपाळावर ठेवून डोक्यानं हाताला आणि हातानं डोक्याला रेटायचं, पण डोकं हलू द्यायचं नाही. अर्ध्याच जोरानं. पाच सेकंद. मग हात डोक्यामागं, मग उजवीकडे, डावीकडे. प्रत्येकी पाच वेळा. ताण काढायचा असेल तर एका हातानं बाजेची कड धरून कान दुसऱ्या खांद्याकडे कलवायचा आणि वीस सेकंद थांबायचं, दोन्ही बाजूंनी. मान गरागरा फिरवायचा जो प्रकार मी शाळेत शिकवत आलो तो ताईंनी दुखऱ्या मानेसाठी नको म्हणून सांगितलं. सावकाश डावी-उजवीकडे बघणं पुरे.

आणि चौथा, मला सगळ्यात आवडलेला. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला अडकवायची, दोन टोकं दोन हातांत धरायची आणि कोपर मागं नेत ट्यूब ओढायची. पाठीवरची दोन पाती, म्हणजे आपले फरे, एकमेकांजवळ यायला हवेत. खांदे कानाकडे चढू द्यायचे नाहीत. बारा-पंधरा वेळा, दोन फेऱ्या. मान बळकट करायची तर खांदे आणि पाठ आधी, हे ताईंचं सूत्र. डेन्मार्कमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या, नेहमी मान-खांदे दुखणाऱ्या माणसांना अशाच रबरी नळीचा खांद्यांचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे दिला होता. २०११ च्या त्या प्रयोगात रोज फक्त दोन मिनिटं करणाऱ्यांचंही दुखणं कमी झालं. ती मोठी माणसं होती, लेकरं नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवं. पण दोन मिनिटं तर कोणत्या लेकराला जड आहेत?

बैठकीचं म्हणाल तर एक पैसा न घालता अर्धं काम होतं. लॅपटॉप बाजेवरून उठवून टेबलावर घेतला आणि त्याखाली माझ्या नोकरीतल्या जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा ठेवला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली आली. मग हात वर टांगावे लागतात, म्हणून एक वेगळा कीबोर्ड घ्यावा लागला, तेवढाच खर्च. पाय लोंबकळत होते, त्यांच्याखाली देवघरातला जादा पाट. आणि अर्ध्या तासाला उठायचं. गजर लावला तर लेकरं तो बंद करतात. त्यापेक्षा आम्ही पाण्याची कळशी मुद्दाम दूर, पडवीत ठेवली आणि तांब्या लहान दिला. शिवाय रोज तासभर अंग हलेल, घाम येईल असं काहीतरी. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचंही सांगणं दिवसाला सरासरी साठ मिनिटांचंच आहे. नात संध्याकाळी स्टँडवरून घरी येताना आता लांबच्या वाटेनं येते. रविवारी आम्ही दोघं सूर्यनमस्कार घालतो. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार रुजवले, ही गोष्ट मी तिला दर रविवारी सांगतो आणि ती दर रविवारी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करते.

मध्यंतरी एकदा ती फार खचली होती. "आबा, माझी मानच कच्ची आहे," म्हणाली. तेव्हा मी तिला बी. के. एस. अय्यंगारांची गोष्ट सांगितली. हा माणूस आपल्याच कर्नाटकातला. कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूर गावी १९१८ साली, इन्फ्लुएंझाच्या साथीत जन्मलेला. पोरवयात मलेरिया, टायफॉईड, क्षय अशा दुखण्यांनी इतका खंगला होता की हातापायांच्या काड्या आणि डोकं खाली लोंबायचं, ते मोठ्या कष्टानं वर धरावं लागे, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. १९३४ मध्ये ते म्हैसूरला मेहुण्यांकडे गेले, योग शिकले. १९३७ ला अठराव्या वर्षी पुण्याला आले आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत पुण्याचेच होऊन राहिले. भिंतीला बांधलेले दोर, खुर्ची, पट्टे यांचा आधार देऊन दुखऱ्या शरीराला आसनं करायला लावायची पद्धत त्यांनी जगभर नेली. त्यांचं दुखणं आजारपणाचं होतं, संगणकाचं नव्हे. आणि त्यांचे फोटो बघून दुखऱ्या मानेनं घरी शीर्षासन करायला जाऊ नका, हे दुप्पट मोठ्यानं सांगतो. पण डोकं लोंबणारं पोर कुठवर जाऊ शकतं, एवढं नातीला कळलं. ती म्हणाली, "त्यांच्या आजोबांनी ओरडलं नसेल."

गुण कसा आला तेही खरं खरं सांगतो. पहिल्या आठवड्यात उलट जास्तच दुखलं. ताईंनी आधीच बजावलं होतं म्हणून टिकलो. फेऱ्या कमी केल्या, बंद केल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात डोकं दुखायचं थांबलं. सहा आठवड्यांनी मान मोकळी फिरायला लागली. अजूनही चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री खांदे भरून येतात. मग दिवा मालवून आम्ही तिला झोपायला लावतो, तेवढं औषध त्या रात्रीला पुरतं. लॅपटॉपची पिशवी माळ्यावरून मीच उतरवली. क्लासवाल्यांनी बुडालेले धडे परत घेतले. मुलगा आता विचारतो, "ट्यूब ओढलीस का?" आणि सौ.नी, पाहुण्यांचा विषय निदान माझ्यासमोर तरी काढलेला नाही.

येळवशीला त्या तिघींना हे सगळं सांगत होतो तोवर त्यांची पोरं, आमचा नातू आणि आणखी चार-पाच जण कोपीभोवती जमले. नात पुढं झाली आणि सगळ्यांना रांगेत बसवून हनुवटीचा व्यायाम शिकवायला लागली. मी नुसता बघत होतो. एकही पोर ताठ बसलेलं नव्हतं आणि मी तोंड मिटून होतो, हे लिहून ठेवण्यासारखं. तेवढ्यात बांधावरून आमचे एक जुने गडी चालले होते. ते थबकले, बराच वेळ पोरांकडे बघत राहिले आणि मला म्हणाले, "मास्तर, आंबील चढली का काय? समदी लेकरं कोंबडीवानी माना कशापायी करायलीत?"

येळवशीचं पुढच्या आठवड्यात.